यादीत नसलेला फोन

बुधवारी तीन वाजून अकरा मिनिटांनी ते पुन्हा आलं.

"आलं बघा, सर," मी म्हणाले.

इंगोले सर वर्तमानपत्रावर पसरलेल्या चिवड्यातून शेंगदाणे वेचत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोण, जावई?"

"नेवारे-गिरणी. सलग सहावा बुधवार. तीनच्या पुढे येतं, पावणेचारला जातं. कायम मेसच्या बाहेरच्या वायफायवरूनच."

"मग हाकला त्याला. पोरं बोंबलतायत की नेट लागत नाही, आणि इथे गावातल्या गिरण्या येऊन बसतायत."

पोरं बोंबलत होती, हे खरं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी. एस्सी. करून एका कॉलेजच्या संगणक विभागात अकरा महिन्यांच्या करारावर लागले होते. वसतिगृहाच्या वायफायला कोणताही फोन जोडला की तिथला स्विच, म्हणजे सगळ्यांना नेट वाटून देणारं यंत्र, त्याला आपोआप एक नंबर देतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. त्याशिवाय फोनला काहीच बोलता येत नाही. आमच्याकडे असे अडीचशे नंबर होते, आणि मुलांचे फोन आणि लॅपटॉप मिळून साडेतीनशेच्या वर. दिलेला नंबर आठ दिवस अडकून राहायचा. कोणाला, कधी, कुठून नंबर मिळाला, ते दर दहा मिनिटांनी नोंदवायचं आणि जे आपले नाहीत ते बाजूला काढायचे, हे काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. मला ते आवडायचं. साडेतीनशे यंत्रांच्या येण्याजाण्यात एक लय असते. सकाळी आठला मेस, दहाला वर्ग, दुपारी पुन्हा मेस. त्या लयीत न बसणारं एकच यंत्र होतं आणि त्याच्या मालकानं त्याला नाव दिलं होतं, नेवारे-गिरणी.

हाकलण्याआधी मी वसतिगृहाचं रजिस्टर मागवलं. खोली नंबर चौदा, प्रणय दौलत नेवारे, बी. एस्सी. दुसरं वर्ष. शेऱ्याच्या रकान्यात वॉर्डननी लाल शाईनं लिहिलं होतं : ९ मार्च, मयत.

ऑगस्ट चालू होता.

मी सरांना काही न सांगता मेसकडे गेले. भिंतीला लागून दगडी बाक होता. त्यावर साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ बसले होते. सदरा स्वच्छ धुतलेला, पण शिवणींमध्ये पीठ राहिलेलं. मांडीवर रुमाल पसरलेला, रुमालावर फोन.

"काका, हा फोन तुमचा का?"

"नाही जी. माह्या पोराचा." ते उठायला लागले. "काही चुकलं का? मी वॉर्डन साहेबाले विचारून बसतो. त्यानं नाही म्हटलं नाही."

"बसा, बसा. मी संगणक विभागात असते. नुसतं विचारायला आले."

"कॉम्प्युटरच्या मॅडम काय? मग तुम्हाले समजन." त्यांनी फोन दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. "उघडता येत नाही. नंबर मागते. पण वरून दिसते."

कुलूप लागलेल्या पडद्यावर एकाखाली एक संदेशांच्या पट्ट्या आल्या होत्या. वरच्या दहा-बारा 'रूम नं. १४' या ग्रुपमधल्या.

"हे पोट्टे लय चावट लिहितात," ते म्हणाले. "मी वाचत नाही ते." मग जरा थांबून, "मागच्या बुधवारी एक वाचलं. घरी जाईपर्यंत हसू येऊन राहिलं होतं."

त्यांनी मला सगळं सांगितलं. बोरखेडीला त्यांची पिठाची गिरणी. बुधवारी दुपारी तिकडची वीज बंद असते, म्हणून बुधवार. प्रणयची ट्रंक आणि हा फोन वॉर्डननी दिला, तेव्हा फोन चालूच होता. त्या दिवशी तो खोलीत चार्जिंगला लावलेला राहिला होता. त्यानंतर त्यांनी तो एकदाही बंद पडू दिला नव्हता. वीज गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावायचे. महिन्याभरात सिम बंद झालं आणि फोन मुका झाला. मग कसल्याशा दाखल्यासाठी ते कॉलेजात आले आणि या बाकावर बसले, तर खिशातला फोन एकदम बोलायला लागला. लागोपाठ चाळीस-पन्नास वेळा.

"मले वाटलं, काय झालं याले. लोक पाहून राहिले होते."

फोनला वायफायचा पासवर्ड आठवत होता, एवढंच झालं होतं. मी ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि मग अगदी खालची पट्टी बोटानं दाखवली.

"हे पाहा. मी याच्यासाठी येतो."

पाठवणाऱ्याचं नाव होतं 'गणित'. खाली दोन ओळी : आज माझी वेणी कापली. आई तीन तास बोलली नाही, मग म्हणाली, बरी दिसतेस.

"गणिताचा मास्तर असं लिहीन काय?"

"नाही लिहिणार."

"मले बी नाही वाटलं. दर आठवड्याले येते. एकदा लिहिलं होतं की लायब्रीत तुझं कार्ड निघालं, मी परत तिथंच ठेवलं. एकदा लिहिलं, प्रॅक्टिकलले तुझ्या जागेवर कोणी उभं राहत नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. शिवणीतलं पीठ काचेला लागलं आणि तो पुन्हा पुसावा लागला. "नाव मात्र लिहीत नाही. कधी तरी लिहीन. लोक चिठ्ठीखाली नाव लिहितातच ना."

"नाव कळलं तर काय कराल, काका?"

"एक विचारायचं आहे. अ‍ॅक्सिडेंट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. भर दुपारी दोस्ताची गाडी घेऊन तो बायपासकडं काऊन निघाला? फोन बी नाही नेला. खोलीतल्या पोट्ट्यांले माहीत नाही. तिले माहीत असन." मग हलकेच म्हणाले, "मी नसतं विचारलं. त्याची माय विचारते. सकाळी चूल पेटवली की विचारते."

फोन उघडून देणाऱ्या दुकानात ते जाऊन आले होते. दुकानदार म्हणाला होता, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. ते तसेच परत फिरले होते.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली आणि तिचा मला फार अभिमान वाटला. दोनशे एकविसावा नंबर मी त्या फोनसाठी राखून ठेवला. वायफायवर कितीही गर्दी झाली तरी तो दुसऱ्या कोणाला मिळणार नव्हता. सरांच्या मंजूर यादीत तो मी घातला नाही, कारण त्या यादीला विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ष लागायचं. मी तो हातानं, वेगळा, स्विचमध्ये टाकला.

"गिरणी गेली का?" सरांनी विचारलं.

"वॉर्डनच्या पाहुण्याचा फोन आहे. राहू दे."

"पाहुणा की जावई?" म्हणत त्यांनी चिवडा माझ्याकडे सरकवला.

पुढचे दोन महिने मी बुधवारी तीन वाजता पाच मिनिटं बाकावर जायचे. एकदा काकांनी ज्वारीचं पीठ आणलं. मी नको म्हणाले, तर म्हणाले, "बारीक दळलं आहे. तुमच्या हातच्या भाकरीले चीर नाही जाणार." मला भाकरी येत नव्हती. ते त्यांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले आणि पीठ माझ्या आईला पाठवायला सांगितलं. मी त्यांना माझा मोबाइल नंबर दिला. ते माझ्याकडून 'गणित'चे शब्द नीट वाचून घ्यायचे, कारण अक्षरं बारीक होती. संदेश लांब असला तर अर्धाच दिसायचा. पण जसजसे दिवस गेले तसतसे ते संदेश आखूड होत गेले. दोन ओळींत मावायचे. माझ्या ते लक्षात आलं होतं. का, ते कळलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत नवा स्विच आला. त्याची सोय चांगली होती : मंजूर यादीतल्या यंत्रालाच नंबर द्यायचा, बाकी कोणाला नाही. सरांची यादी नव्या स्विचमध्ये एका झटक्यात गेली. मी आकडे जुळवून पाहिले, सगळे बरोबर आले. हातानं टाकलेला एक नंबर जुन्या स्विचबरोबर कपाटात गेला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जे यादीतच नव्हतं, ते जुळवणार कशाशी?

सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी मी नागपूरला होते. एम. एस्सी.च्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासून घ्यायची होती. रांगेत माझ्यापुढे तिघं होती. फोन वाजला.

"मॅडम, नेवारे बोलतो. बाकावर आहो. आज काही येतच नाही जी. ते वरचं चिन्ह फिरून राहिलं नुसतं."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं झाले."

खिडकीतल्या बाईंनी पुढच्या मुलाचा दाखला परत केला. रांग एका माणसानं सरकली. मी पिशवी पायानं पुढे ढकलली. पुढचं वाक्य मी रोज वीस वेळा म्हणायचे. प्राध्यापकांना, मुलांना, एकदा तर प्राचार्यांनाही. त्यासाठी विचार करावा लागत नसे.

"काका, फोन एकदा बंद करून चालू करा."

"बंद करू?"

"हो. बाजूचं बटण दाबून धरा. पूर्ण बंद झाला की दहा मोजा, मग चालू करा."

मागून मेसमधली भांडी वाजत होती.

"तो अजून कधी बंद केला नाही जी मी."

"काही होत नाही, काका. सगळे करतात. लगेच लागेल."

"तुम्ही म्हणता त करतो."

दहा त्यांनी मोठ्यानं मोजले. मला ते ऐकू आले. पाचपर्यंत मी माझ्या मार्कशीटच्या प्रती लावत होते. सहाला माझे हात थांबले.

"काका, थांबा," मी म्हणाले.

"झाला बंद. आता लावतो." मग बऱ्याच वेळानं, "आला. नंबर मागून राहिला."

"वरचं काही दिसतंय का?"

"नाही. घड्याळ आहे. बाकी कोरं आहे."

फोन एकदा बंद होऊन चालू झाला की त्याच्या कुलपाचा नंबर दाबेपर्यंत आतलं सगळं बंद पेटीत राहतं. वायफायचा पासवर्डही त्याच पेटीत असतो. तोपर्यंत फोन कुणाला ओळखत नाही, काही ऐकत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृती काढून दाखवलं असतं.

"मॅडम? आता काय करू?"

"काही करू नका, काका. मी येते."

खिडकीतल्या बाईंनी माझं नाव पुकारलं होतं. मी रांगेतून बाहेर पडले.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघं बाकावर बसलो. काकांनी एका कागदावर आकडे लिहून आणले होते. प्रणयची जन्मतारीख, त्याच्या आईची, गिरणी सुरू केल्याचं साल, घराचा मीटर नंबर. पाच वेळा चुकल्यावर फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा. मग एक मिनिट. मग दोन. खोली चौदामधल्या मुलांना मी आधीच विचारलं होतं. त्यांना माहीत नव्हता. शेवटी फोन म्हणाला, एक तास थांबा.

"चूक माझी आहे, काका. नवा स्विच आला तेव्हा तुमचा नंबर टाकायचा मी विसरले. आणि वर बंद करायलाही मीच सांगितलं. मला माहीत होतं, तरी सांगितलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमच्या मनात वाईट नव्हतं."

"म्हणून काय झालं?"

त्यांनी फोन रुमालात गुंडाळला आणि म्हणाले, "साडेचारची गाडी आहे."

त्यानंतर ते आले नाहीत.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी सर जेवायला गेलेले असताना, एक मुलगी दारात उभी राहिली. कानापर्यंत कापलेले केस. प्रॅक्टिकलचा एप्रन हातावर टाकलेला. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही.

"मॅडम, वसतिगृहाच्या वायफायमध्ये काही बदललंय का?"

"का गं?"

"मी एकाला मेसेज पाठवते. त्याचं सिम बंद आहे. दर बुधवारी तीन वाजता दोन टिक यायच्या. म्हणजे फोन इथल्या वायफायला लागत असणार. दिवाळीनंतर एकच टिक येते."

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तुला माहीत आहे तो फोन कोणाकडे आहे?"

"हो." ती एप्रनच्या बटणाशी खेळत होती. "पहिल्यांदा दोन टिक आल्या तेव्हा मी खूप घाबरले. मग एका बुधवारी बघायला गेले. मेसच्या वळणापर्यंतच गेले. बाकावर एक माणूस होता. कान अगदी त्याच्यासारखे. मी मागे फिरले."

"त्यांच्याशी बोलली नाहीस?"

"टिक कधी निळ्या झाल्या नाहीत. म्हणजे त्यांना उघडता येत नव्हतं, वरूनच वाचत असणार. मी माझ्या फोनवर करून पाहिलं, वरून किती दिसतं ते. दोन ओळी दिसतात. मग मी तेवढंच लिहायला लागले."

ते आखूड होत गेलेले संदेश कोणासाठी होते, हे मला तेव्हा कळलं.

"आधी त्याला लिहायचे," ती म्हणाली, "मग त्यांना. एक गोष्ट मात्र दोन ओळींत बसत नव्हती." बटणाचा दोरा तिच्या बोटात आला होता. "त्या दिवशी मीच त्याला बोलावलं होतं. गणिताच्या नोट्स आण म्हणून. आम्ही बायपासच्या पलीकडे राहतो. तो म्हणाला, संध्याकाळी आणतो, फोन चार्ज होतोय. मी म्हणाले, फोन राहू दे तिथेच, दहा मिनिटांत ये. नाही तर येऊच नकोस. थट्टेत म्हणाले. मी नेहमी तसंच बोलायचे."

पंख्याखाली सरांचं वर्तमानपत्र फडफडत होतं. मी त्यावर डस्टर ठेवलं.

"मागच्याच्या मागच्या मंगळवारी मी ते लिहिलं. छोटं करून करून. खाली नाव पण लिहिलं. एकच टिक आली. मी दोन बुधवार वाट पाहिली. तो मेसेज जाणार आहे का, मॅडम?"

"नाही. तो फोन आता कधीच लागणार नाही. बंद झाला. माझ्यामुळे."

मी तिला सगळं सांगितलं. नवा स्विच, नागपूरची रांग, ते वाक्य. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. तिनं एक मोठा श्वास सोडला, सुटल्यासारखा, आणि मग त्याची तिला लाज वाटली असावी, कारण ती तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, तोंडावर एप्रन धरून रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास भरून तिच्याजवळ उभी राहिले. तो तिला द्यायचंही मला सुचलं नाही.

"त्यांना तेवढंच विचारायचं होतं," मी म्हणाले. "तो तिकडे का निघाला होता. त्याची आई रोज विचारते."

"मला पुन्हा लिहिता येणार नाही."

"बोरखेडी इथून वीस किलोमीटर आहे. मी येते तुझ्याबरोबर."

तिनं नाही म्हणून मान हलवली. फोन काढला, तो संदेश माझ्यासमोर पुसला. "तुम्ही सांगू नका, मॅडम. सांगायचं तर मीच सांगायला पाहिजे. आणि मला जमणार नाही. सांगणार नाही म्हणा."

तसंच एक वाक्य माझ्याही तोंडून गेलं नसतं तर मी कदाचित वाद घातला असता.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

डिसेंबरात एका बुधवारी काकांचा फोन आला. त्यांच्या स्वतःच्या जुन्या बटणांच्या फोनवरून.

"मॅडम, बऱ्या आहात ना? नागपूरचं काम झालं काय?"

"या वर्षी नाही झालं. पुढच्या वर्षी पाहीन."

"पाहा. सोडू नका." मग, "त्या पोरीचं काही समजलं का जी? कॉलेजात तुमच्या कानावर काही?"

टेबलावर हजेरीपट होता. मी त्यातल्या एका रेघेवर पेन फिरवत राहिले.

"नाही, काका. काही कळलं नाही."

"असू द्या. लिहिणंही थांबवलं असन तिनं आता. तिच्यासाठी बरंच आहे ते." मग म्हणाले, "त्याच्या मायले मी सांगून टाकतो काही तरी. एखादं पुस्तक आणायले चालला होता म्हणतो. अभ्यासाचं. पटन ना तिले?"

"पटेल," मी म्हणाले.

"तुम्हाले पटते?"

"हो, काका."

"मग सांगतो तसंच." दूरवर एका बाईचा आवाज आला, डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "गहू आले जी. लाइट आज आहे. ठेवतो हं."

पण ठेवताना त्यांनी बटण दाबलं नसावं. फोन कुठे तरी फळीवर ठेवल्याचा आवाज झाला, पट्टा फिरायला लागला, आणि जात्याची घरघर हळूहळू वाढत कानात भरून राहिली. मध्येच ते त्या बाईला म्हणाले, बारीक पाहिजे की भरड? मग पुन्हा घरघर. गहू संपेपर्यंत मी ऐकत बसले. माझ्या बाजूनं फोन बंद करायला माझा हात उचलला गेला नाही.